तासगाव ते यॉर्कटाऊन

आमच्या तासगावात गणपतीच्या देवळापुढे सात मजली गोपुर आहे. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत परशुरामभाऊ पटवर्धनांनी तशी देवळं पाहिली आणि गावी परतून हे बांधलं. त्याच्या सावलीत आम्ही गोट्या खेळलो. याच भाऊंनी १७९१ मध्ये टिपूविरुद्ध लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या जोडीने मोहीम केली. हे मी शाळेत शिकलो आणि पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यामुळे मुलगी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहायला गेली तेव्हा नकाशावर तिच्या घराआधी माझं बोट गेलं ते यॉर्कटाऊनवर. घरापासून सव्वा तास! हाच इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस हिंदुस्थानात येण्याच्या पाच वर्षं आधी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जिथे हरला, ते गाव.

ऑक्टोबरात आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात असे निघालो. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात, तसा तिकडे चौथीला व्हर्जिनियाचा इतिहास असतो. नात नेमकी चौथीत. म्हणजे गाइड घरचाच, आणि परीक्षकही.

पहिला दिवस : जेम्सटाऊन

हायवे सोडून जावईबापूंनी मुद्दाम जेम्स नदीच्या दक्षिणेचा, दहा नंबरचा रस्ता धरला. वाकडी वाट होती, पण प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. सरी काउंटी लागली तसा दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेला कापूस, मध्येच भुईमूग. काढणी चालू होती. यंत्राने वेल उपटून, शेंगा वर करून ओळीने वाळत घातलेले. काच खाली केली आणि ओल्या मातीचा, कच्च्या शेंगेचा वास गाडीत शिरला. ही म्हणाली, "अहो, सावळजला आलो का आपण?"

रस्ता नदीत संपतो. तिथून सरकारी फेरी सुटते, गाडीसकट, रात्रंदिवस, आणि चक्क फुकट. पंधरावीस मिनिटं वारा खात डेकवर उभं राहायचं. मागे सीगल पक्ष्यांची झुंबड, आणि समोर हळूहळू मोठी होत जाणारी तीन शिडांची जहाजं: सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड, डिस्कव्हरी. १६०७ च्या मे महिन्यात इंग्रज याच नदीतून वर आले आणि जेम्सटाऊन वसलं, अमेरिकेतली त्यांची पहिली टिकलेली वस्ती. आता धक्क्याला आहेत त्या त्यांच्या प्रतिकृती. डिस्कव्हरी बघून पोटात गोळा आला. आमच्या एस.टी.पेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही, आणि २१ माणसांनी तिच्यात साडेचार महिने काढले.

उतरल्या उतरल्या पहिलं म्युझियम दिसलं, तिकिटं काढली, आत गेलो. लाकडी कुसाचा किल्ला, गवताची छपरं, कढईत काहीतरी ढवळणारा माणूस. मी भारावून म्हणालो, "हाच तो किल्ला!" नात म्हणाली, "आबा, हा खोटा आहे. खरा पुढे आहे."

तर पहिली सूचना हीच. जेम्सटाऊन दोन आहेत. 'जेम्सटाऊन सेटलमेंट' हे म्युझियम, तिथे जहाजं आणि उभा केलेला किल्ला. 'हिस्टॉरिक जेम्सटाऊन' ही बेटावरची मूळ जागा. तिकिटं वेगळी. मुलं बरोबर असतील तर आधी सेटलमेंट, जहाजावर चढायला मिळतं. वेळ एकासाठीच असेल तर डोळे मिटून बेटावर जा.

बेटावर बघायला वरवर काही नाही. सतराव्या शतकातल्या विटांचा एक मनोरा, दोन पुतळे, खोदकामाचे चौकोन, समोर रुंद नदी. मूळ किल्ला नदीने गिळला असं कित्येक वर्षं धरून चालले होते. १९९४ मध्ये विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं आणि दोनेक वर्षांत कुसाच्या खुणा सापडल्या. खुणा म्हणजे काय, तर लाकूड कुजून गेल्यावर मातीत राहिलेला काळपट डाग. त्या डागांच्या ओळीवरून किल्ल्याचा त्रिकोण जुळवला. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगी खड्ड्यात गुडघे टेकून मातीचा रंग न्याहाळत होती. नातीने विचारलं, "काय सापडलं?" ती म्हणाली, "आज? एक खिळा." आणि इतकी खुशीत होती!

सुरुवातीला १०४ पुरुष आणि पोरं इथे राहिली. पिण्याचं पाणी मचूळ, दलदल, डास, आणि शेतीची आवड असलेले फार थोडे. आसपास पाउहाटन लोकांची वस्ती, त्यांच्या राजाच्या हाताखाली तीसेक जमाती. इंग्रज जगले ते या लोकांच्या मक्यावर. कधी तांबं आणि मणी देऊन, कधी बंदूक दाखवून घेतलेल्या. पुढे बिनसलं, वेढा पडला आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात तीनेकशे माणसांतली साठेक उरली. घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, चामडं उकळून खाल्लं. आणखी काय खाल्लं ते २०१२ मध्ये सापडलेल्या कवटीवरून कळलं. चौदाएक वर्षांची मुलगी, कपाळावर सुरीचे घाव, मेल्यानंतर केलेले. बेटावरच्या म्युझियममध्ये त्या मुलीचा चेहरा घडवून ठेवलाय. ही तिथून न बोलता बाहेर गेली आणि बाकावर बसून राहिली.

बाहेर पोकाहोंटसचा, म्हणजे त्या पाउहाटन राजाच्या मुलीचा, पुतळा आहे. अंग हिरवट-काळं पडलेलं, पण पुढे केलेले दोन्ही हात पिवळेधमक. फोटोसाठी जो तो तिचे हात धरतो. नातीनेही धरले. मग विचारलं, "आबा, हे लोक आपली जमीन घेणारेत हे माहीत असतं, तर त्यांनी मका दिला असता का?" तीस वर्षं मास्तरकी करून मला पटकन उत्तर देता आलं नाही.

तिथेच मला एक धक्का बसला. तीन जहाजांचा कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्ट. हा पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला आणि १६१५ मध्ये जहाज घेऊन सुरतेला आला. जहाजावर उतारू कोण? सर टॉमस रो! जहांगीरच्या दरबारातला इंग्रज वकील, तोच, ज्याच्यावर मी दरवर्षी पाच गुणांची टीप लिहून घ्यायचो. ज्या माणसाने इंग्रजांना जेम्सटाऊनला उतरवलं, त्यानेच रोला आपल्या किनाऱ्यावर सोडलं. आणि १६३५ च्या इथल्या एका कागदात 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. ही ऐकून म्हणाली, "टोनी ना? मग गोव्याचाच असणार." पुरावा शून्य, पण तर्क वाईट नाही.

जाता जाता: बेटावर दुपारनंतर डास फार. मलम घेऊन जा. चप्पल नको, बूट घाला.

दुसरा दिवस : विल्यम्सबर्ग

जेम्सटाऊनचं सभागृह १६९८ मध्ये जळालं, आणि दुसऱ्याच वर्षी व्हर्जिनियाची राजधानी इथे आली. १७८० मध्ये ती रिचमंडला गेल्यावर गाव झोपलं ते झोपलंच. १९२६ नंतर धाकट्या रॉकफेलरच्या पैशातून ते पुन्हा अठराव्या शतकासारखं उभं केलं. आता ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर मोटारी नाहीत, घोडागाड्या आहेत. लोहार खरोखर खिळे ठोकतो, टोपकरीण खरोखर केसांचे टोप विणते. मला आधी वाटलं होतं की हे सगळं जत्रेतल्या सोंगांसारखं असणार. काही ठिकाणी आहेही. पण लोहाराच्या दुकानात अर्धा तास कसा गेला कळलं नाही. भात्याचा आवाज जगभर एकच.

दारूगोळ्याचं कोठार बघाच. आठकोनी, विटांचं. १७७५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर लॉर्ड डनमोरने रात्रीत इथली दारू जहाजावर हलवली आणि गाव पेटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील ते मोकळे. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून ओरडणाऱ्या मालकांचे गुलाम स्वातंत्र्यासाठी राजाकडे पळाले! एका अंगणात गुलाम स्त्रीची भूमिका करणारी बाई हे सांगत होती. तिने शेवटी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर कुठे गेला असता?" अंगणात चिडीचूप. त्या काळी या गावात निम्म्याहून जास्त माणसं काळी होती, बहुतेक सगळी गुलामीत. काळ्या मुलांसाठी १७६० मध्ये उघडलेली ब्रे स्कूलची इमारत अलीकडेच ओळखू आली, आणि २०२३ मध्ये ती अख्खी उचलून इथे आणून ठेवलीय. शाळा दिसली की माझे पाय वळतात. छोटीशी, पांढरी, साधी. मुलांना आज्ञाधारक करण्यासाठी काढलेली शाळा, पण एकदा अक्षर आलं की ते मालकाचं ऐकत नाही.

जेवायला जुन्या धाटणीची एक टॅव्हर्न गाठली. मेणबत्त्या, भलेमोठे रुमाल, आणि मेनूवर शेंगदाण्याचं सूप. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आलं ते दाट, तांबूस, वर दाण्याचा कूट. पहिला घोट घेतला तर उपासाची दाण्याची आमटीच, फक्त जिरं-मिरची विसरलेली! हिने दुसरा चमचा उचलला, तेवढ्यात मुलीने वाढणाऱ्याला विचारलं, यात काय काय आहे? "चिकन स्टॉक," तो आनंदाने म्हणाला. हिचा चमचा खाली. दोन्ही वाट्या मी संपवल्या. शाकाहाऱ्यांनी सूप दिसलं की आधी विचारावं, मग हुरळावं. आमचं बाकीचं जेवण हॉटेलच्या खोलीत मेतकूट-भातावर झालं. मायक्रोवेव्ह असलेलीच खोली घ्या.

रस्त्यावर फिरायला तिकीट लागत नाही. ते लागतं घरांच्या आत जायला. पाय दुखत असतील तर नुसता रस्ता आणि बागा बघूनही दिवस वसूल होतो.

तिसरा दिवस : यॉर्कटाऊन

जेम्सटाऊन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाऊनला जोडणारा कलोनिअल पार्कवे हा २३ मैलांचा रस्ता आहे. सिग्नल नाही, दुकान नाही, पाटीबाजी नाही, पेट्रोलपंपही नाही, तेव्हा टाकी भरून घ्या. पानं रंगायला लागली होती. सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि आम्ही पोचलो तसा पाऊस सुरू झाला. मी मनातून खूश. पाऊस यायलाच हवा होता, का ते पुढे सांगतो.

यॉर्कटाऊन म्हणजे यॉर्क नदीच्या उंच काठावर वसलेलं छोटं गाव. १७८१ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिस इथे येऊन बसला, समुद्रातून रसद येईल या भरवशावर. ५ सप्टेंबरला खाडीच्या तोंडाशी फ्रेंच आरमाराने इंग्रज आरमाराला परतवलं आणि त्याची समुद्राकडची वाट बंद झाली. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो उतरले. २८ सप्टेंबरला वेढा सुरू झाला. ६ ऑक्टोबरच्या रात्री पहिला चर खणला, ९ तारखेला तोफा सुरू झाल्या.

इथे मला नाना फडणवीसांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. फ्रेंचांना हाताशी धरून इंग्रजांना शह द्यायचा हाच डाव त्यांनीही मांडला होता. १७७७ मध्ये फ्रेंचांचा वकील सेंट लुबिन पुण्यात आला, त्याची बडदास्त ठेवली, पण त्याच्यामागे आरमार काही आलं नाही. अमेरिकनांना आरमार मिळालं, आम्हाला सेंट लुबिन. तरीही त्याच १७८१ च्या एप्रिलमध्ये, पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके आणि आमच्या भाऊंनी इंग्रज जनरल गॉडर्डला बोरघाटातून पनवेलीपर्यंत मागे रेटलं होतंच. एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, इंग्रजांची फौज मार खात होती.

रणांगण म्हणजे आता हिरवळ. मातीचे बांध, चर, आणि दहा नंबरचा दमदमा, म्हणजे मातीची छोटी गढी. १४ ऑक्टोबरच्या रात्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या तुकडीने बंदुका न भरता, नुसत्या संगिनींवर हा घेतला. शेजारचा नऊ नंबरचा फ्रेंचांनी घेतला. दमदमा इतका लहान आहे की आमच्या शाळेचं मैदान त्याहून मोठं. बांधावर चढायची मनाई आहे, बाहेरूनच बघायचं. अर्धाअधिक मूळ भाग नदीने खाल्ला, आहे तो नव्याने रचलेला.

मग आली १६ ऑक्टोबरची रात्र. कॉर्नवॉलिसने होड्यांतून नदीपलीकडे ग्लॉस्टर पॉइंटला निसटायचं ठरवलं. पहिली खेप पार झाली, आणि वादळ उठलं, पाऊस कोसळला, होड्या वाहून गेल्या. दुसऱ्या सकाळी बांधावर एक पोरगा ढोल वाजवत उभा राहिला आणि शेजारी अधिकाऱ्याने पांढरा रुमाल हलवला. त्याच नदीवर आमच्यापुढे तसाच पाऊस पडत होता, पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. म्हणून म्हणालो, पाऊस हवाच होता.

आमच्या घोळक्याला माहिती देणाऱ्या रेंजर बाई साठीच्या असाव्यात, टोपीवरून पाणी गळतंय आणि बोलणं थांबत नाही. शरणागतीच्या मैदानात त्यांनी १९ ऑक्टोबर अक्षरशः करून दाखवला. हत्यारं खाली ठेवायला सातेक हजारांची फौज आली, कॉर्नवॉलिस आला नाही. आजारी असल्याचा निरोप. तलवार घेऊन आला त्याचा दुय्यम, ओहारा. त्याने ती रोशाँबोपुढे धरली, रोशाँबोने वॉशिंग्टनकडे बोट केलं, वॉशिंग्टनने आपल्या हाताखालच्या बेंजामिन लिंकनकडे. "तू दुय्यम पाठवलास, आमचाही दुय्यमच घेईल," बाईंनी समजावून सांगितलं. याच लिंकनला आदल्या वर्षी चार्ल्सटनला इंग्रजांपुढे मानाशिवाय शरण जावं लागलं होतं. घोळक्यात हशा पिकला.

हशा विरल्यावर त्या एक गोष्ट बोलल्या जी फलकावर दोनच ओळीत आहे. कॉर्नवॉलिसच्या भरवशावर पळून आलेल्या शेकडो काळ्या माणसांना देवी निघाल्या होत्या, आणि धान्य संपत आलं तेव्हा त्याने त्यांना तटाबाहेर काढलं. दोन फौजांमधल्या रानात ती माणसं मेली.

घोळका पांगल्यावर मी पुढे झालो. म्हटलं, "बाई, या माणसाची पुढची गोष्ट माझ्या गावाकडे आहे. सांगू?" त्या म्हणाल्या, "पाऊस आहे तोवर मला कुठे जायचंय?"

सांगितलं. १७८६ मध्ये हा गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या दारापर्यंत गेला, आणि तिथे पुन्हा तेच. अन्न नाही, चारा नाही, बैल मरून पडलेले. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हाताने फोडून माघारी निघाला. मेलकोट्याच्या वाटेवर घोडेस्वार दिसले, टिपूचेच म्हणून इंग्रजांनी शस्त्रं सावरली. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ. टिपूच्या लोकांनी जासूद मध्येच पकडल्याने मराठे इतके जवळ आलेत याची इंग्रजांना गंधवार्ता नव्हती. मराठ्यांच्या फौजेबरोबर अख्खा बाजार चालायचा. धान्य, डाळ, कापड, सगळं. त्या बाजारावर कॉर्नवॉलिसची फौज जेवली.

"फुकट?" बाईंनी विचारलं.

"छे! चांगल्या चढ्या भावाने."

त्या मोठ्याने हसल्या. मी मग धारवाडच्या वेढ्याचंही सांगून टाकलं. यॉर्कटाऊन तीन आठवड्यांत पडलं, भाऊंना धारवाड घ्यायला सहा महिन्यांवर लागले. मराठी गोलंदाज एक गोळा टाकून अर्धा तास गुडगुडी ओढत गप्पा मारतात, अशी तक्रार बरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलीय. हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

नात इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपण त्याला मका दिला?"

रेंजर बाईंना संदर्भ कळला नाही. मला कळला. "मका नाही, बहुतेक ज्वारी-तांदूळ," असं काहीतरी मी पुटपुटलो आणि पिशवीतून बेदाण्याची पुडी काढली. घरून निघताना हिने टाकलेली, तासगावच्या दुकानाची छापील पुडी. बाईंनी दोनतीन बेदाणे तोंडात टाकले, पुडीवरचं गावाचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि खिशातल्या भिजक्या वहीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं. त्याखाली परशुरामभाऊंचं नाव लिहायला तीन ओळी लागल्या.

इथल्या सूचना: १९ ऑक्टोबरला 'यॉर्कटाऊन डे' असतो, संचलन वगैरे. हौस असेल तर तेव्हा जा, शांतपणे बघायचं असेल तर आधी. थॉमस नेल्सनच्या घराच्या भिंतीत तोफगोळे रुतलेले दिसतात, ते चुकवू नका. नदीकाठी वाळूचा छोटा किनारा आहे, पोरं रमतात. वेढ्याच्या जागा गाडीने फिरायला निदान दोन तास ठेवा.

चौथा दिवस : रिचमंड

घरीच परतायचं होतं, वाटेत व्हर्जिनियाचं विधानभवन बघितलं. जेफरसनने फ्रान्समधल्या एका रोमन देवळावरून त्याचा आराखडा केला. आत जाणं फुकट. मधल्या दालनात फ्रेंच शिल्पकार ऊदाँचा संगमरवरी वॉशिंग्टन, त्याच्या घरी जाऊन प्रत्यक्ष मापं घेऊन घडवलेला. एका हातात साधी काठी, दुसरा हात १३ काठ्यांच्या जुडीवर, म्हणजे १३ राज्यं, आणि पायामागे नांगर. लढाई संपली, सेनापती शेतावर चालला, असा भाव. शेतावर राबणाऱ्यांची सावली त्या संगमरवरात कुठे नाही. नातीने पुतळ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि तिला भूक लागली.

निघताना जावयांनी सरी काउंटीच्या खारवलेल्या शेंगदाण्यांचा मोठा पत्र्याचा डबा बॅगेत घातला. दाणे टपोरे, आपल्यापेक्षा मोठे, पण गोडीला आपलेच बरे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एकमत. महिनाभरात संपले. डबा मात्र घट्ट झाकणाचा आहे. हिने तो धुऊन, उन्हात वाळवून, यंदाचे बेदाणे त्यात भरून ठेवलेत.